नादाचे भांडार आणि नावांची व्यवस्था : संगीत-सर्व्हर व नेटवर्क प्लेअर यांच्या निवडीचा विचार

१९०२ सालच्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या गाण्यांच्या शेवटी ही गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. पुढील पिढ्यांना ही लकब गमतीची वाटली. परंतु तिच्यामागे रोकडा व्यवहार होता. मूळ मुद्रा जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाऊन तेथे तबकड्या तयार होत. कारखान्यातील माणसास गाणे कोणाचे हे ऐकून कळावे आणि तबकडीवर योग्य नावाचा कागद लागावा, यासाठी ही घोषणा होती. नाद आणि नाव अशा रीतीने एकाच खोबणीत कोरले गेले.

संगणकीय फाइलीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात नाद असतो. नाव कोणी घातले तरच असते. तबकडीला निदान एक कागद होता, कॅसेटला पुठ्ठा होता, सीडीला पुस्तिका होती. या वस्तू कपाटात एका ठरावीक जागी ठेवलेल्या असत आणि संग्राहकाचा हात अंधारातही तेथे जात असे. तीच मुद्रणे फाइलींच्या रूपाने एका पेटीत जमा झाली, की जागेची आठवण संपते आणि शोधाचा सारा भार नावावर येतो. तरीही उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रणेसाठी संगीत-सर्व्हर किंवा नेटवर्क प्लेअर घ्यावयास निघालेला रसिक बहुधा एकच प्रश्न विचारतो : सर्वांत चांगला आवाज कोणत्या यंत्राचा? हा प्रश्न अयोग्य नव्हे. परंतु त्याचे उत्तर ज्या यंत्रात शोधले जाते त्या यंत्रात ते फारसे नसते, आणि ज्या गोष्टींत या यंत्रांमध्ये खरोखर महदंतर आहे त्या गोष्टींविषयी दुकानात चकार शब्द निघत नाही. प्रस्तुत लेखात हिंदुस्थानी संगीताच्या घरगुती संग्रहाची गरज समोर ठेवून या दोन्ही बाजू पाहावयाच्या आहेत.

प्रथम संज्ञांचा घोळ निस्तरणे अवश्य आहे. संगीत फाइलींच्या रूपाने साठविणारी जागा म्हणजे भांडार. ती साधी हार्ड डिस्क असू शकते, किंवा घरातील नेटवर्कला जोडलेली, एकाहून अधिक डिस्का असलेली पेटी असू शकते. या भांडाराची सूची करणारी आणि मागणीनुसार फाइल पुढे पाठविणारी आज्ञावली म्हणजे सर्व्हर. ती फाइल नेटवर्कवरून घेऊन तिचे ध्वनिप्रवाहात रूपांतर करणारे यंत्र म्हणजे नेटवर्क प्लेअर. अंकांपासून विद्युत्-लहरी बनविणारा भाग म्हणजे डॅक. तो कधी प्लेअरच्या पोटात असतो, कधी वेगळा. आणि हातातील फोन किंवा टॅब्लेट, ज्यावरून आज्ञा दिली जाते, तो नियंत्रक. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या यूपीएनपी या मानकातही सर्व्हर, वादक आणि नियंत्रक अशी त्रिविध विभागणीच केलेली आहे. बाजारात मात्र 'स्ट्रीमर' हा एकच शब्द कधी केवळ वादकास, कधी डॅकसह वादकास, तर कधी भांडार, सर्व्हर व वादक या तिन्हींना एका कवचात बसविणाऱ्या पेटीस लावला जातो. एका शब्दाला तीन अर्थ असणे भाषेत नवे नाही. येथे मात्र प्रत्येक अर्थाची किंमत निराळी असते. म्हणून दुकानदाराशी बोलताना यंत्राचे नाव न विचारता पाच कामांपैकी ते कोणती करते हे विचारणे श्रेयस्कर.

आता आवाजाकडे वळू. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ध्वनीचे माप दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतले जाते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. दोन वाहिन्या धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅक या स्वरूपात, एकही बिट न गमावता, ही जागा साधारणपणे निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत खाली येते. त्यामुळे चार टेराबाइटच्या एका डिस्कवर सीडीच्या दर्जाचे दहा हजार तासांच्या आसपास संगीत मावते. रोज तीन तास ऐकणाऱ्या माणसास ते नऊ वर्षे पुरेल. साठवणुकीची चिंता अशा प्रकारे जवळजवळ संपुष्टात आली आहे.

नेटवर्कचीही तीच गोष्ट. २४ बिट व सेकंदाला १,९२,००० मापे अशा उच्च दर्जाच्या मुद्रणासही सेकंदाला सुमारे ९२ लक्ष बिटच लागतात, आणि घरातील सामान्य तारेची क्षमता त्याच्या दहापट तरी असते. तारेतून जाताना आवाज 'मळतो' ही कल्पना टेपच्या काळातील अनुभवावरून आलेली आहे. नेटवर्कवरून फाइलीचे तुकडे जातात, प्रत्येक तुकड्याची तपासणी होते, बिघडलेला तुकडा पुन्हा मागविला जातो. तुकडे अनियमित येतात हे खरे. परंतु ते थेट डॅककडे न जाता आधी बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात उतरतात. नळाला पाणी दिवसातून एक वेळ आले काय की दोन वेळ आले काय, घरातील टाकी भरलेली असेल तर न्हाणीघरातील धार बदलत नाही. त्या धारेचा वेग ठरविणारे घड्याळ डॅकजवळ असते. ते घड्याळ अस्थिर असेल तर मापांच्या वेळा किंचित मागेपुढे होतात आणि या दोषास जिटर म्हणतात. हा दोष खरा आहे; परंतु तो घालविण्याचे ठिकाण डॅक होय, महागडी नेटवर्क-तार नव्हे. इथरनेटच्या जोडणीत मुळातच लहान ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन यंत्रांचे विद्युत्-मंडल एकमेकांपासून अलग राहते. यूएसबीच्या तारेत असे अलगपण सहसा नसते आणि संगणकाची विद्युत् घरघर डॅकपर्यंत पोहोचू शकते. सर्व्हर व डॅक थेट यूएसबीने न जोडता मधे नेटवर्क प्लेअर ठेवण्याचे जे काही ध्वनिदृष्ट्या समर्थन आहे ते एवढ्यापुरते.

सीडीहून अधिक सूक्ष्म मापांच्या मुद्रणांविषयी तर प्रयोगच झालेले आहेत. २००७ साली मायर व मोरान या दोघांनी अमेरिकेत घेतलेल्या चाचणीत, उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज मधूनमधून सीडीच्या दर्जाच्या मार्गाने फिरवून श्रोत्यांस फरक ओळखावयास सांगितले. ५५४ वेळा विचारणा झाली, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही याहून फारसे वेगळे काही हाती लागले नसते. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि श्रोत्यांस आधी प्रशिक्षण दिलेल्या प्रयोगांत ते बरेच वाढले. म्हणजे फरक शून्य आहे असे म्हणता येत नाही, आणि सामान्य श्रोत्याने त्यासाठी दागिने गहाण ठेवावेत असेही म्हणता येत नाही. हे प्रयोग मुद्रणांच्या दर्जाविषयी आहेत, सर्व्हरविषयी नव्हेत, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु दोन दर्जांतील फरक जेथे इतका निसटता, तेथे तीच फाइल दोन सर्व्हरांतून पाठविल्यास रात्र आणि दिवसाइतका फरक पडतो या दाव्याकडे साशंक नजरेने पाहणे प्राप्तच आहे. आवाजावर खर्च करावयाचा असेल तर तो लाउडस्पीकर, खोली आणि डॅक या क्रमाने करावा. सर्व्हरच्या बाबतीत ध्वनीचा एकच प्रश्न निर्विवाद आहे. तो म्हणजे त्याचा पंखा ऐकू येतो की नाही. विलंबित ख्यालाच्या आरंभी तानपुऱ्यावर पंख्याची भणभण बसू लागली तर तो सर्व्हर दुसऱ्या खोलीत हलवावा. नेटवर्कचा खरा उपकार हाच आहे, की त्यामुळे असे करता येते.

तानपुऱ्याचा उल्लेख आला तो आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. पाश्चात्य लोकप्रिय गाण्यांच्या संग्रहात एक गाणे संपून दुसरे सुरू होताना अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर कोणाचे काही बिघडत नाही. हिंदुस्थानी मैफलीच्या मुद्रणात मात्र एकच गायन सोयीसाठी दोन-तीन फाइलींत तोडलेले असते : विलंबित एका फाइलीत, द्रुत दुसरीत. गायन थांबलेले नसते, तबल्याचा ठेका चालू असतो, तानपुरा तर थांबतच नाही. अशा ठिकाणी यंत्राने पोकळी सोडली, की स्वरांचे आवरण एकाएकी फाटल्यासारखे होते आणि ते पुन्हा जुळले तरी श्रोत्याचे मन जुळत नाही. फाइली फ्लॅकमध्ये असतील तर त्यांत स्वतःची पोकळी नसते. एमपीथ्रीत मात्र रूपांतराच्या क्रियेमुळे आरंभी व शेवटी थोडी रिकामी जागा घुसते. परंतु फाइली निर्दोष असूनही वादक चुकू शकतो. यूपीएनपीच्या मूळ मानकात पुढील फाइल आगाऊ कळविण्याची आज्ञा ऐच्छिक ठेवलेली आहे. ज्या निर्मात्याने ती वगळली त्याच्या यंत्रात पोकळी अटळ आहे, मग त्याची किंमत काही लाखांत का असेना. स्कॉटलंडमधील लिन या कंपनीने यावर ओपनहोम या नावाने वेगळी व्यवस्था पुढे आणली. तीत वादनाची यादी नियंत्रकाच्या फोनमध्ये न राहता वादकातच राहते, त्यामुळे मध्येच फोनची बॅटरी संपली तरी मैफल चालू राहते. अखंड वादन होते काय, हा प्रश्न या दृष्टीने कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

आता नावांकडे यावयाचे. येथे विषय खरोखर खोल आहे.

फाइलीला नाव चिकटविण्याची पहिली सर्वत्र रूढ झालेली पद्धत, आयडीथ्री, १९९६ सालची. फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडावयाची, तीत शीर्षकास ३०, कलावंतास ३०, अल्बमला ३०, वर्षास ४ अक्षरे, आणि प्रकारासाठी एकच बाइट, म्हणजे तयार यादीतील एक क्रमांक. मूळच्या ८० प्रकारांच्या यादीत 'क्लासिकल' होते, 'एथ्निक' होते; ख्याल, ठुमरी किंवा नाट्यगीत यांना जागा नव्हती. पद्धती पुढे पुष्कळ सुधारल्या. परंतु कलावंत, अल्बम, गाणे ही तीन पायऱ्यांची शिडी सर्व यंत्रांच्या बुद्धीत तशीच राहिली. ही शिडी ज्या संगीतातून आली तेथे ती चपखल आहे : एक गायक, त्याने काढलेली एक तबकडी, तीवरील बारा गाणी. पाश्चात्य अभिजात संगीताच्या रसिकांनीही तिच्याविरुद्ध तक्रार केली, कारण त्यांना संगीतकार, रचना, तिचे विभाग, वाद्यवृंद आणि संचालक असे पाच घटक हवे होते. त्यांची तक्रार बऱ्याच अंशी ऐकली गेली आणि आता अनेक सर्व्हरांत संगीतकार व रचना यांचे वेगळे रकाने असतात.

हिंदुस्थानी संगीतात अल्बम हा घटक जवळजवळ निरर्थक आहे. श्रोत्यास मालकंस ऐकावयाचा असतो, किंवा विलंबित एकतालातील मालकंस, किंवा एकाच बंदिशीची दोन घराण्यांतील रूपे. राग, ताल, लय, बंदिश, बंदिशीचा कर्ता, साथीदार, स्थळ आणि दिनांक हे त्याचे खरे रकाने. त्यांपैकी कर्त्याचा रकाना तर विशेष सावधगिरीने भरावयाचा. बंदिशीत 'सदारंग' अशी मुद्रा आली म्हणून ती निश्चितपणे सदारंगांचीच, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. मुद्रा ही गौहरजानच्या घोषणेची पूर्वज होय. फरक इतकाच की ती दुसऱ्यालाही उच्चारता येते.

वस्तुस्थिती किती विपरीत आहे याचे एक बोलके उदाहरण पृथ्वीबाहेर आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठविलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिची अधिकृत नोंद पाहिली तर तीत देश म्हणून भारत, प्रकार म्हणून 'राग', शीर्षक म्हणून 'जात कहाँ हो' आणि गायिका म्हणून 'सुरश्री केसर बाई केरकर' असे लिहिलेले आढळते. अवधी ३ मिनिटे ३० सेकंद. राग आहे असे सांगितले, परंतु कोणता ते सांगितले नाही. 'केसरबाई' हे एक नाव दोन शब्दांत तोडले. आणि 'सुरश्री' ही पदवी नावाच्या आरंभी आल्यामुळे अकारविल्हे लावणारे यंत्र या गायिकेस 'क' मध्ये न ठेवता 'स' मध्ये नेऊन बसवील. हीच नोंद जशीच्या तशी घरातील सर्व्हरमध्ये उतरली, तर भैरवी शोधणाऱ्यास हे मुद्रण कधीच सापडणार नाही.

पदव्यांचा उपद्रव सर्वत्र आहे. पंडित, उस्ताद, विदुषी ही पदे नावाचा भाग समजली गेली, की निम्मा संग्रह 'प' आणि 'उ' या दोन अक्षरांखाली गोळा होतो. याच्या उलट, आडनाव आधी घेण्याचा पाश्चात्य नियम लावला तर आणखी गंमत होते. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. यंत्राच्या दृष्टीने मात्र शेवटचे दोघे गंधर्व आडनावाचे, बहुधा एकाच कुटुंबातील. आणि पहिल्यांना एका शब्दात लिहिले तर ते तेवढे परके. यावर उपाय म्हणून चांगल्या सर्व्हरांत दिसावयाचे नाव आणि क्रम लावावयाचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात. ते आहेत काय आणि मालकास हाताने भरता येतात काय, हे पाहावे.

रागनामांची लेखनपद्धती हा स्वतंत्र अध्याय होईल. रोमन लिपीत मारव्यासाठी एक कंपनी व्ही वापरते, दुसरी डब्ल्यू. तोडीला एक डी लावते, दुसरी आर. 'राग' हा शब्दच तीन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि तो रागनामाच्या आधी जोडण्याच्या प्रथेमुळे यमनापासून भैरवीपर्यंत सारे राग 'आर' खाली एकवटतात. देवनागरी वापरल्याने हा प्रश्न सुटेल अशी आशा बाळगणाऱ्यांची निराशा होते. मराठीत मालकंस तर हिंदीत मालकौंस; कोठे जयजयवंती तर कोठे जैजैवंती; ललत आणि ललित, बसंत आणि वसंत, कानडा आणि कान्हडा. मियाँ मल्हारात चंद्रबिंदू, अनुस्वार आणि दोन्हींचा अभाव अशी तिन्ही रूपे प्रचारात आहेत. 'बंदिश' अनुस्वाराने लिहिली तर एक शब्द, 'बन्दिश' अशी लिहिली तर यंत्राच्या लेखी दुसरा.

याहून सूक्ष्म अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'ग़ज़ल' या शब्दातील नुक्तायुक्त ज युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच सांकेतिक अंकाने, किंवा ज आणि नुक्ता अशा दोन अंकांनी. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी उमटतात. युनिकोडच्या मानकात अशी रूपे एकरूप करून घेण्याचा नियम सांगितलेला आहे, परंतु तो पाळण्याचे कष्ट प्रत्येक सर्व्हर घेतोच असे नाही. न घेतल्यास एकाच यादीत 'ग़ज़ल' दोनदा दिसते आणि मालक चष्मा पुसत बसतो. तसेच ळ. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ह नंतरचे. युनिकोडच्या अंकांत मात्र तो ल च्या लगोलग येतो. केवळ अंकांच्या क्रमाने यादी लावणाऱ्या यंत्रास मराठी कोशाचा क्रम ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पर्यायरूपे एकत्र आणावीत हे खरे. परंतु एकच नाव दिसले म्हणून एकच वस्तू मानणेही तितकेच घातक. हिंदुस्थानी तोडी आणि कर्नाटक तोडी यांचा स्वरमेळ भिन्न आहे. कर्नाटक तोडीचे स्वर आपल्याकडील भैरवीच्या जवळ जातात. कर्नाटक हिंदोलम् आपल्या मालकंसाशी जुळतो, हिंदोलाशी नव्हे. दोन्ही पद्धतींचे संगीत बाळगणाऱ्याने रागाबरोबर पद्धतीचाही रकाना ठेवला नाही तर सर्व्हर मोठ्या आत्मविश्वासाने त्याची दिशाभूल करील. शब्दकोश रचणाऱ्यास समानार्थी शब्द आणि अनेकार्थी शब्द यांची जी दुहेरी काळजी घ्यावी लागते, तीच येथे घ्यावी लागते.

तंत्रज्ञानाची त्यास अनुकूलता आहे काय? आहे, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नाही. फ्लॅकच्या फाइलीत रकान्यांची संख्या व नावे मोकळी असतात; राग, ताल, स्थळ असे हवे ते रकाने घालता येतात आणि एकच रकाना अनेकदा लिहिता येतो, म्हणजे जुगलबंदीतील दोघांची नावे एका ओळीत कोंबावी लागत नाहीत. रकान्याचे नाव मात्र साध्या रोमन अक्षरांतच असावे लागते. आतील मजकूर देवनागरीत चालतो. चौकट परकी आणि चित्र आपले, अशी ही तडजोड आहे. म्युझिकब्रेंझ या सार्वजनिक माहितीकोशात तर रचनेच्या नोंदीत हिंदुस्थानी राग व ताल यांच्यासाठी स्वतंत्र जागा आहेत आणि एका कलावंताच्या नावाची अनेक लेखनरूपे एकत्र बांधता येतात. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताच्या नोंदी शास्त्रशुद्ध करण्याचे काम हाती घेतले होते, ही आपल्याकडील विद्यापीठांनी लक्षात घेण्यासारखी बाब आहे.

प्रश्न उरतो तो सर्व्हरचा. फाइलीत राग लिहिला, परंतु सर्व्हरने तो रकाना वाचलाच नाही तर श्रम वाया जातात. या बाबतीत आज्ञावलींमध्ये मोठा भेद आहे. मिनिमसर्व्हरमध्ये कोणते रकाने सूचीत घ्यावेत हे मालकच ठरवितो. जेरिव्हरमध्ये त्यास स्वतःचे नवे रकाने निर्माण करता येतात. रून या आज्ञावलीची मांडणी अत्यंत देखणी आहे, कलावंतांची चरित्रे व परस्परसंबंध ती आपण होऊन पुरविते. परंतु तिची मदार मुख्यतः तिच्या स्वतःच्या माहितीकोशावर आहे, आणि त्या कोशात पाश्चात्य संगीताविषयी जेवढे आहे तेवढे आपल्या संगीताविषयी नाही. शिवाय तीत केलेल्या दुरुस्त्या तिच्याच कोशात राहतात. मूळ फाइलींना ती हात लावत नाही. ही सभ्यता आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा, की दहा वर्षे खपून दुरुस्त केलेली नावे आज्ञावली सोडताच मागे राहू शकतात. यास्तव दुरुस्ती प्रथम फाइलीत करावी, मग सर्व्हरने ती वाचावी, हा क्रम उलटू देऊ नये.

आज्ञावली सोडण्याची वेळ येते काय, अशी शंका कोणी घेईल. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहता ती येतेच असे दिसते. स्लिम डिव्हायसेस या लहान कंपनीचे स्क्वीझबॉक्स हे वादक अनेक घरांत पोहोचले. २००६ साली ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली, २०१२ साली स्क्वीझबॉक्सचे उत्पादन थांबले, आणि २०२४ साली त्याची इंटरनेटवरील सेवाही बंद झाली. तरीही ते वादक आज मूक झालेले नाहीत, कारण त्यांची सर्व्हर-आज्ञावली सर्वांस खुली होती. ती स्वयंसेवकांनी जिवंत ठेवली आणि २०२४ पासून ती लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही ती बसते. याच्या उलट कथा एमक्यूएची. फाइलीचे हे विशेष स्वरूप २०१४ साली मोठ्या गाजावाजाने पुढे आले, त्याचे परवाने घेतलेले डॅक विकले गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये मूळ कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. तिची मालमत्ता लेनब्रूकने घेतली. परंतु जुलै २०२४ मध्ये टायडल या संगीतसेवेने ते स्वरूप सोडून फ्लॅक स्वीकारले. डीएलएनए ही २००३ सालची संघटना २०१७ साली विसर्जित झाली. रून स्वतः २०१५ सालची. २०२३ साली ती हार्मन या उद्योगसमूहाकडे गेली. लिनने २००७ साली आपला पहिला नेटवर्क प्लेअर काढला आणि दोनच वर्षांनी सीडी-प्लेअर बनविणे थांबविले. मालक बदलले, नावे बदलली, पेट्या गेल्या. फ्लॅक मात्र २००१ पासून तसेच आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची अधिकृत मानक म्हणूनही नोंद झाली. त्याच्या प्रत्येक फाइलीत मूळ ध्वनीची एक गणिती खूण साठविता येते, तिच्यावरून वीस वर्षांनंतरही फाइल अबाधित आहे की नाही हे पडताळता येते. डिस्क मात्र केव्हातरी बिघडणार हे गृहीत धरावे. दोन डिस्कांवर एकाच पेटीत प्रत ठेवणे ही सुरक्षितता नव्हे; चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी.

इंटरनेटवरील संगीतसेवा घेतली की हे सारे टळते, असा एक आक्षेप आहे. तो काही प्रमाणात खरा आहे, आणि नवी ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी या सेवा घ्याव्यातही. परंतु आकाशवाणीवरून टेपवर घेतलेली मैफल, घरातील बैठकीचे मुद्रण, बंद पडलेल्या कंपन्यांच्या तबकड्या या सेवांत नसतात, आणि सेवेतील चुकीचे रागनाम दुरुस्त करण्याचा अधिकार श्रोत्यास नसतो. भाषाविभागांतील बोलींच्या मुद्रणांची स्थितीही वेगळी नाही. गाव, निवेदकाचे वय, मुद्रणाचा दिनांक हे रकाने फाइलीत नसतील तर ते मुद्रण काही वर्षांत केवळ एक अनोळखी आवाज होऊन राहते.

खरेदीपूर्वी दुकानात स्वतःच्या संग्रहातील वीस-पंचवीस फाइली नेणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग. त्यांत दोन फाइलींत तोडलेला एक ख्याल असावा, एक जुगलबंदी, पदवीसह आणि पदवीविना लिहिलेला एकच गायक, दोन्ही प्रकारे लिहिलेली 'ग़ज़ल', आणि निरनिराळ्या अल्बमांतील चार मालकंस, ज्यांत राग स्वतंत्र रकान्यात भरलेला आहे. विक्रेता आपल्या तबकडीवरील पाश्चात्य गायिकेचा आवाज ऐकवू लागला, तर तो नम्रपणे ऐकून घ्यावा. मग ख्याल लावून जोडाच्या जागी तानपुरा तुटतो काय ते ऐकावे. नंतर यंत्राकडे मालकंस मागावा आणि किती सापडतात ते मोजावे. शेवटी राउटरची बाहेरून येणारी तार काढून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. चारही मालकंस पुन्हा तसेच समोर आले आणि त्यांतील एक वाजू लागला, तर पावती करावयास हरकत नाही.